तिथीचा आग्रह

सण सोयीच्या वारी करावा, असं माझं मत होतं आणि ते मी ठामपणे मांडत असे. पुणं सोडून आधी जर्मनीत आणि मग नवऱ्याच्या संशोधनामुळे इस्रायलमधल्या रेहोवोतला आलो, तेव्हा हे मतही सामानाबरोबर आलं. त्याला कारणं होती. परदेशात सण म्हणजे माणसं जमणं, आणि माणसं बुधवारी जमत नाहीत. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मराठी मंडळांचा गणपती शनिवार-रविवारी बसतो, दिवाळी हॉल मिळेल त्या आठवड्यात होते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सासूबाईंचा फोन यायचा, "आज चतुर्थी आहे गं," आणि मी म्हणायचे, "आमची शनिवारी आहे, आई." त्या काही बोलत नसत. पंचांग गावात राहणाऱ्यांसाठी असतं, रजा मोजून जगणाऱ्यांसाठी नाही, असं मला मनापासून वाटायचं.

आज मी त्याच्या उलट बाजूला उभी आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळींत तिथीचा आग्रह धरणारी मीच, आणि माझ्याशी वाद घालणाऱ्या मैत्रिणींकडे माझेच जुने मुद्दे आहेत. हे कसं झालं ते सांगावंसं वाटतं.

इस्रायलमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, रविवारी कचेऱ्या भरतात. आल्याआल्या आम्ही नेहमीसारखा शनिवार धरला. पण शुक्रवारी सूर्यास्ताला शाबात, यहुद्यांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत रेल्वे बंद, बहुतेक गावांत बसही बंद. आमच्यातले बरेचसे संशोधक विद्यार्थी. गाडी तेव्हा कुणाकडे नव्हती. तेल अवीवहून किंवा बीर शेवाहून यायचं कसं? मग शुक्रवार सकाळ ठरली. तीही दुपारी दुकानं मिटायच्या आत आवरायची. आमची 'सोय' मुळात दुसऱ्या कुणाच्या तरी धर्माने ठरवलेली सुट्टी आहे, हे तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं. जर्मनीतही ती तशीच होती, रविवारची. फक्त तिथे ते टोचत नव्हतं.

तेवढ्याने माझं मत बदललं नाही. मत बदललं ते या देशाचं पंचांग कळू लागल्यावर.

हिब्रू महिने चंद्राचे. अमावस्येनंतर महिना सुरू होतो, पंधराव्या दिवशी पौर्णिमा. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सूर्याशी मेळ राखायला अधिक महिना घालावा लागतो, तो त्यांच्याकडे एकोणीस वर्षांत सात वेळा येतो आणि नेहमी अदार या महिन्याच्या जागी, वसंताच्या तोंडावर. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो अधिक. पद्धत वेगळी, अडचण तीच. आणि या पंचांगावर केवळ देवळं चालत नाहीत. शाळांच्या सुट्ट्या, बँका, विमानतळ, परीक्षा, लष्करातली रजा, सगळं त्यावर हलतं. ज्या प्रयोगशाळेत जगातली महागडी यंत्रं अखंड चालतात तिथला शास्त्रज्ञही तिश्री या सणांच्या महिन्यात बैठक ठरवताना आधी तिथी बघतो. यात कुणाला जुनाट काही वाटत नाही. तिथी आणि आधुनिक कामकाज एकत्र नांदूच शकत नाहीत, हा माझ्या मताचा पाया होता. इथे तो मला रोज नाकारला जाताना दिसत होता.

२०२२ च्या शरदात दोन्ही पंचांगं अगदी हातात हात घालून आली. २६ सप्टेंबरला आपली घटस्थापना आणि त्याच दिवशी रोश हशाना, त्यांचं नवं वर्ष. तिथून दहाव्या दिवशी, ५ ऑक्टोबरला, दसरा आणि योम किप्पूर. योम किप्पूर हा सुमारे पंचवीस तासांचा कडक उपास आणि प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या दुपारपासून दुकानं बंद, विमानतळ बंद, रेडिओ-टीव्हीचं प्रसारण बंद. रस्त्यावर गाडी नाही. मुलं मात्र सायकली घेऊन हमरस्त्यावर उतरतात, कारण वर्षातून एकदाच तो त्यांचा असतो.

त्या दिवशी दसरा हलवणं शक्यच नव्हतं, कारण कुठे हलवायचा हा विचार करायलाही कुणी भेटणार नव्हतं. घरीच श्रीखंड केलं. पुऱ्या तळताना खिडक्या लावून घेतल्या. खालच्या मजल्यावर माणसं उपाशी होती आणि तळणाचा वास त्यांच्यापर्यंत जाऊ नये असं वाटलं. संध्याकाळी आम्ही शिलंगणाला निघालो. हर्झल रस्ता, रेहोवोतचा मुख्य रस्ता, एरवी हॉर्नने भरलेला, त्याच्या मधोमध चालत गावाच्या वेशीपर्यंत गेलो. आपट्याची पानं नव्हती. पण पुण्यात दसऱ्याला वेस ओलांडून चालत गेल्याचं मला आठवत नाही. इथे आम्ही ते खरोखर केलं, आणि आजूबाजूला शेकडो माणसं पांढऱ्या कपड्यांत, आमच्यासारखीच, रस्त्याच्या मधून चालत होती.

चार दिवसांनी कोजागरी. त्याच संध्याकाळी सुक्कोत लागला. सुक्कोत म्हणजे मांडवांचा सण: अंगणात, गच्चीवर, सज्जात लोक तात्पुरता मांडव घालतात, वर झावळ्या टाकतात, आणि सात दिवस त्यात जेवतात. झावळ्यांतून चांदण्या दिसाव्यात असा संकेत आहे. आमचे शेजारी येमेनी यहुदी, शआरायिम या जुन्या येमेनी वस्तीतून आलेलं घर. त्यांनी जेवायला बोलावलं. मसाला दूध न्यावं असं फार मनात होतं, पण त्यांच्या जेवणात मांस, आणि मांसावर कित्येक तास दूध चालत नाही. शिवाय आमच्या भांड्यातलं त्यांना चालेल का, हाही प्रश्न. शेवटी बदामाच्या दुधाचा सीलबंद डबा, केशर आणि वेलची घेऊन मी दुपारीच शेजारीणबाईंकडे गेले आणि सण लागण्याआधी त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच पातेल्यात ते आटवलं. रात्री मांडवात पेले फिरले. आजोबांनी विचारलं, "तुमचा आज कुठला सण?" मी म्हटलं, "पौर्णिमेचा. आश्विनातल्या." त्यांनी झावळ्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमचीही पंधरावी आजच."

एवढंच बोलणं झालं. पण माझ्या सणाबद्दल परक्या माणसाला मी इतक्या वर्षांत इतक्या थोडक्यात कधी सांगू शकले नव्हते. शुक्रवारी केलेल्या दिवाळीबद्दल सांगताना "खरं तर ती सोमवारी होती" अशी पुरवणी जोडावी लागायची, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सौम्य गोंधळ उमटायचा. इथे काही समजवावं लागलं नाही. चंद्र वर होता.

मग मी लोदच्या मावशींकडे जास्त जाऊ लागले. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी, अलिबागच्या, इस्रायल आळीत वाढलेल्या. लग्नानंतर इथे आल्या. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत. बेने इस्राएलांनी कोकणात शतकानुशतकं शनिवार पाळला, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पुरीमला त्यांच्यात होळीचा सण म्हणत, योम किप्पूरला दारफळणीचा सण. आसपास दुसरं यहुदी गाव नसताना या लोकांनी काही तिथ्या सोडल्या नाहीत. सोय बघितली असती तर शनिवारी घाणा बंद ठेवण्यासारखं गैरसोयीचं काही नव्हतं.

मावशींनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिने माझा उरलासुरला प्रतिवाद संपवला. अलिबागला त्यांच्या घरी पेसाखचं, म्हणजे वल्हांडणाचं विधिवत जेवण दोन रात्री व्हायचं. इथे एकाच रात्री होतं. जुन्या काळी जेरुसलेममध्ये साक्षीदारांनी चंद्रकोर पाहिली की महिना लागल्याचं जाहीर होई आणि डोंगरमाथ्यांवर आगी पेटवून ती बातमी पुढे धाडली जाई. दूरच्या देशांत ती वेळेत पोहोचेलच असं नव्हतं. म्हणून तिकडचे यहुदी शंकेला जागा नको म्हणून सण दोन दिवस पाळू लागले. पुढे गणित आलं, तारखा आधीच ठरू लागल्या, तरी देशाबाहेर राहणाऱ्यांनी दुसरा दिवस सोडला नाही. म्हणजे घरापासून लांब असलेल्या माणसांनी तिथी चुकू नये म्हणून एक दिवस वाढवला! आम्ही लांब आहोत म्हणून तिथी सोडून दिली होती.

माझी एक मैत्रीण यावर नेहमी बोट ठेवते. "तेही हलवतात की," ती म्हणते. खरं आहे. इस्रायलचा स्वातंत्र्यदिन ५ इय्यारचा. २०२२ साली ती तिथी शुक्रवारी आली, उत्सव शाबातला भिडू नये म्हणून तो गुरुवारी झाला. सोमवारी आली तर मंगळवारी करतात. नवं वर्षही रविवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी येऊ नये अशी गणितात तजवीज आहे. या मुद्द्यावर मी पुष्कळ विचार केला. ते हलवतात ते शाबात राखण्यासाठी, आणि साऱ्यांसाठी एकदमच. जेरुसलेममध्ये पुरीम इतर गावांच्या दुसऱ्या दिवशी असतो, तोही नेमाने, कारण तटबंदीच्या जुन्या शहरांना १५ अदार आणि बाकीच्यांना १४. आम्ही हलवत होतो ते हॉलच्या भाड्यासाठी, आणि प्रत्येक गावात वेगळा. ज्या संध्याकाळी पुण्यात आरती चालू असे, त्या संध्याकाळी आम्ही काहीच करत नसू.

२०२३ च्या शरदाबद्दल फार लिहवत नाही. सिम्हत तोरा या सणाच्या सकाळी, ७ ऑक्टोबरला, जे झालं आणि त्यानंतर इथे व सीमेपलीकडे गाझामध्ये घरोघर जी माणसं गेली, त्यात सणाचा विषय कुणी काढला नाही. घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती. सायरन वाजला की इमारतीच्या सुरक्षित खोलीत धावायचं, त्या काळात मी घट बसवला. कुणाला बोलावलं नाही, कुणी येऊ शकलंही नसतं. माणसं जमली नाहीत तर सण कसला, असं म्हणणारी मी त्या नऊ दिवसांत एकटीने दिवा लावत होते, आणि तो सण नव्हता असं मला म्हणता येणार नाही.

आता आमची रीत अशी: पूजा तिथीला, ज्याच्या घरी जमेल त्याच्या घरी, दोन माणसं का असेनात. गाठीभेटी मात्र सुट्टीच्या दिवशी.   वाद अजून मिटलेला नाही. वृद्धांची शुश्रूषा करायला भारतातून आलेल्या बायकांना आठवड्यातून एकच सुट्टी असते, बहुधा शनिवारची. तिथीला त्या कशा येणार, हा मैत्रिणीचा सवाल बिनतोड आहे. त्यांच्यासाठी शनिवारची आरती आम्ही ठेवतो, आणि बस नसते म्हणून गाडीवाल्यांनी त्यांना आणायचं ठरलं आहे.

२०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शनिवार आणि रविवार रोश हशानाचे, सगळं बंद. तेव्हा नारळ, फुलं आणि मोदकांची पिठी शुक्रवारी, ११ तारखेला, दुपारच्या आत घरात यायला हवी. रामलाच्या बाजारातल्या भारतीय दुकानात मी ऑगस्टातच सांगून ठेवणार आहे, आणि नवऱ्याने सोमवारच्या रजेचा अर्ज आताच द्यावा म्हणून त्याच्या मागे लागले आहे.