परमुलखातील यजमान

रत्नागिरीस आमच्याकडे कोणी पाहुणा उतरला, की त्याला थिबा राजवाडा दाखवून आणावयाचा हा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. भाट्याचा किनारा, रत्नदुर्ग, लोकमान्यांचे जन्मस्थान ही बाकीची यादीही ठरलेलीच. परंतु राजवाड्याला वगळून पाहुण्याची सुटका नाही. तो लाकडावरील कोरीवकाम न्याहाळतो, टेकडीवरून दिसणारी खाडी पाहून उद्गारतो, आणि परत निघताना बहुधा एकच वाक्य बोलतो : 'काही म्हणा फादर, सरकारने राजाची बडदास्त मात्र चांगली ठेवली होती.' हे वाक्य आम्ही इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे, की त्यातील 'बडदास्त' या शब्दापाशी आम्ही आता अडखळू लागलो आहोत. बडदास्त पाहुण्याची ठेवतात. घरधन्याची बडदास्त ठेवली असे कोणी म्हणत नाही.

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेहून उचलले आणि मद्रासमार्गे १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीस आणून ठेवले. त्या काळी येथे आगगाडी नव्हती (ती यावयास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली), पावसाळ्यात आगबोटीही बंद. म्हणजे राजाला नजरेआड करण्यास याहून सोयीचे गाव शोधूनही सापडले नसते. पहिली चोवीस वर्षे तो सरकारी बंगल्यांत राहिला, १९१० साली नव्या राजवाड्यात गेला, आणि सहा वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरात, तेथेच वारला. तीस वर्षांच्या या वास्तव्यात त्याला नोकरचाकर होते, तनखा होता, कर्ज होते, चार राजकन्यांची काळजी होती. नव्हती ती एक गोष्ट. आपल्या दारी कोणी यावे हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. तो त्याच्यावर नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाती होता. स्वदेशातून कोणी सहज भेटीस आला, राजाने त्याला ठेवून घेतले, दोन दिवस जुन्या गोष्टी निघाल्या, असे घडण्याची सोयच नव्हती. ज्याला पाहुणा बोलाविता येत नाही तो कितीही मोठ्या वास्तूत राहिला तरी स्वतः पाहुणाच राहतो, आणि तीस वर्षे पाहुणा म्हणून राहणे ही शिक्षा फार मोठी आहे.

त्याच्याकडे पाहुणे आले, पण ते मरणोत्तर. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी शिवाजीनगर भागातील त्याच्या समाधीला भेट दिली, आणि २०१६ साली शतसांवत्सरिक स्मृतीच्या निमित्ताने त्याचे वंशजही येऊन गेले. तोवर त्याची एक नात, थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू, या गावाचीच होऊन, येथेच संसार करून, २००० साली निवर्तलीही होती. आजोबांना जे तीस वर्षांत साधले नाही ते नातीने काही न बोलता साधले. ती येथे पाहुणी राहिली नाही.

हे सारे पुन्हा मनात घोळू लागण्यास कारण घडले ते आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क दांपत्याचे. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नीला सारे गाव बाई म्हणते. एकुलता मुलगा दहा वर्षे चीनमध्ये, शांघाय येथे एका व्यापारी पेढीत नोकरीस आहे. मध्यंतरी महामारी आली, दोन देशांच्या सीमेवर जे व्हायचे ते झाले, आणि २०२० साली खंडित झालेली थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरापर्यंत बंदच राहिली. ती सुरू झाल्यावर मुलाने आग्रहाने आईवडिलांना बोलावून घेतले. जाण्यापूर्वी गुरुजी आमचा निरोप घेण्यास आले तेव्हा त्यांनी मनातील हेतू आम्हास स्पष्ट सांगितला. घर मोठे, कलमांची बाग करारावर दिलेली, दोघांचीही वये झाली. 'फादर, आता त्याला परत चल म्हणून सांगूनच येतो,' ते म्हणाले. बाईंनी तर मुलाच्या खोलीला रंगही काढून घेतला होता.

सामानात आमसुले, कुळथाचे पीठ, आंबापोळी. आंब्याचे दिवस नव्हते. असते तरी हापूस नेता आला नसता, कारण ताजी फळे प्रवाशाने बरोबर नेण्यास चीनमध्ये मनाई आहे. रत्नागिरीच्या माणसाने आंब्यावाचून मुलाकडे जावे याचे बाईंना वाटलेले वैषम्य परत आल्यावरही ओसरले नव्हते.

त्या देशाचा एक कायदा असा आहे, की परदेशी मनुष्य हॉटेलात न उतरता कोणाच्या घरी राहिला, तर त्याची नोंद चोवीस तासांच्या आत तेथील पोलीस ठाण्यात व्हावी लागते. पाहुण्याने ती करावी किंवा त्याला ठेवून घेणाऱ्याने. काही शहरांत हे काम आता मोबाईलवरही होते. पण मुलाने दोघांना घेऊन ठाण्याचाच रस्ता धरला. आपल्याकडे पोलीस ठाणे म्हटले की सज्जन माणसाच्या पोटात गोळा येतो. बाई तर रात्रभर झोपल्या नव्हत्या. प्रत्यक्षात तेथील शिपायाने कागदी पेल्यात गरम पाणी आणून दिले (चिनी मनुष्य थंड पाणी पाहुण्यापुढे ठेवीत नाही) आणि मुलाशी चिनीत चार वाक्ये बोलून कागद पुढे सरकविला. मुलाने त्यावर सफाईने चिनी अक्षरे लिहिली, आईवडिलांची पारपत्रे पुढे ठेवली, आपला भाडेकरार दाखविला, सही केली. 'फादर,' बाई आम्हास सांगत होत्या, 'त्यानं तिथं आमच्यासाठी जामीन राहावं तशी सही केली हो. मी त्याच्या शाळेच्या दाखल्यावर सही केली होती, ती आठवली मला.'

पुढे मुलाने एका संध्याकाळी आपल्या सहकाऱ्यांना आईवडिलांच्या भेटीस जेवावयास बोलाविले. गोल मेज, मध्यभागी फिरती काच, तिच्यावर एकामागून एक येणारे पदार्थ. दाराकडे तोंड असलेली जागा मानाची. तेथे गुरुजींना बसविले. मुलगा प्रत्येकाच्या ताटलीत स्वतः वाढत होता, कोणी पेला उंचावला की आपला पेला त्याच्याहून किंचित खाली धरीत होता, आणि शेवटी पैसे कोणी द्यावयाचे यावरून त्याची व एका सहकाऱ्याची गल्ल्यापाशी जवळजवळ झटापट झाली. गुरुजी म्हणाले, आमच्या अंगणात पंगतीत वाढताना तो जसा दिसायचा, तसाच दिसला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि कुळथाचे पिठले केले. वासाने शेजारची आजी डोकावली, तेव्हा मुलाने तिलाही वाटी नेऊन दिली.

ती दोघे परतल्यावर आम्ही मुद्द्याचे विचारले. 'बोललात का त्याच्याशी?'

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'नाही. पाहुण्यानं यजमानाला घर मोडून चल म्हणायचं कसं, फादर?'

आम्हास हे उत्तर पटले. बाईंना पटलेले दिसले नाही. त्या चहाची कपबशी उचलून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

परक्या देशात राहून पाहुण्याचे स्वागत करणारा पहिला मोठा यजमान आम्हास बायबलात भेटतो. अब्राहाम स्वतः उपरा, तंबूत राहणारा. तरी मम्रे येथील झाडांखाली भर दुपारी तीन वाटसरू दिसताच तो धावत सामोरा जातो, पाय धुण्यास पाणी आणवितो, सारा पीठ मळू लागते. ज्याच्या मालकीची तेथे वीतभर जमीन नव्हती त्याचे हे आतिथ्य. पुढे त्याने जमीन विकत घेतली ती साराच्या दफनासाठी, चारशे शेकेल रुपे मोजून. सेमिनरीत असताना हा उतारा आम्ही परीक्षेपुरता वाचला. त्याच सुमारास वाचलेल्या मत्तेओ रिच्ची यांच्या चरित्राशी त्याचे नाते गुरुजींच्या उत्तरामुळे नव्याने ध्यानात आले.

रिच्ची हे इटलीतील माचेराता गावचे येशूसंघीय. १५७८ साली ते गोव्यास उतरले. आपल्या किनाऱ्यावर चार वर्षे शिकून आणि शिकवून १५८२ साली मकावला गेले, आणि पुढल्या वर्षापासून मरेपर्यंत चीनमध्ये राहिले. तेथील झाओचिंग शहरातील त्यांच्या पहिल्या घरात घड्याळे होती, काचेचा लोलक होता, भिंतीवर जगाचा नकाशा होता. ते पाहावयास माणसांची रीघ लागे. पण बघे म्हणजे पाहुणे नव्हेत. आरंभी ते बौद्ध भिक्षूंसारखा वेश करीत, आणि त्या वेशातील माणसाकडे विद्वान बरोबरीच्या नात्याने येत नसत. १५९५ साली त्यांनी विद्वज्जनांचा रेशमी पोषाख स्वीकारला आणि त्याच वर्षी नानचांग येथे चिनी भाषेत एक छोटासा ग्रंथ लिहिला. त्याचा विषय मैत्री! परक्या देशातील माणसाने तेथल्या लोकांपुढे ठेवण्यास याहून शहाणा विषय कोणता निवडला असता?

पोषाखापाठोपाठ शिष्टाचार आला. रिच्ची यांनी तो बारकाईने लिहून ठेवला आहे. येणाऱ्याने आधी आपल्या नावाची घडीची पत्रिका आत पाठवावयाची, यजमानाने औपचारिक वस्त्रे घालून बाहेर यावयाचे, परस्परांना लवून वंदन, मग यजमानाने खुर्ची स्वतःच्या हातांनी मांडून, धूळ नसली तरी ती झटकावयाची, चहा, निघताना दारापर्यंत पोहोचविणे, आणि नंतर परतभेट, ती चुकवून चालत नाही. १६०१ साली ते पेकिंगला स्थायिक झाल्यावर हा व्याप वाढतच गेला. १६१० हे राजधानीतील मोठ्या परीक्षेचे वर्ष. देशभरातील विद्वान आणि अधिकारी शहरात लोटले, आणि त्यांतील कितीतरी जण या परदेशी पंडिताच्या दारी आले. उपवासकाळ चालू असता जेवण अर्ध्यावर टाकून ते उठत. त्या अतिश्रमांनीच ते खचले, असे त्यांच्या सहकाऱ्यांचे मत होते. त्या वर्षीच्या ११ मे रोजी ते वारले, आणि सम्राटाने त्यांच्या दफनासाठी जमीन दिली. ती कबर आजही पेकिंगमध्ये एका प्रशासकीय महाविद्यालयाच्या आवारात आहे. रत्नागिरीतला राजा पाहुण्यांवाचून झुरला, पेकिंगमधला हा धर्मगुरू पाहुण्यांपायी झिजला. दोहोंतले कोणते मरण बरे हे सांगणे आम्हास कठीण वाटत नाही.

परंतु रिच्ची ज्याची वाट पाहत राहिले असा एक पाहुणा त्यांच्या दारापर्यंत पोहोचला नाही. बंधू बेंतो द गोइश १६०२ साली आग्र्याहून निघाले. जुन्या प्रवासवर्णनांतला 'कॅथे' देश म्हणजे चीनच की आणखी कोणता, हे खुष्कीच्या मार्गाने जाऊन पाहावयाचे होते. व्यापाऱ्याच्या वेशात, लाहोर, काबूल, यार्कंद करीत ते १६०५ च्या अखेरीस चीनच्या पश्चिम वेशीवरील सूचौ गावी पोहोचले आणि तेथेच अडकले. त्यांनी पेकिंगला पत्रे धाडली, पण रिच्ची यांचे चिनी नाव व पत्ता त्यांना चिनी अक्षरांत लिहिता येत नव्हता. पत्रे वाटेतच राहिली. अखेर १६०६ च्या हिवाळ्यात एक पत्र पोहोचले. रिच्ची यांनी तत्काळ आपल्याकडील एका चिनी तरुणाला सामोरे पाठविले. तो मार्चअखेर पोहोचला तेव्हा गोइश अंथरुणाला खिळलेले होते. ११ एप्रिल १६०७ रोजी ते गेले. त्यांच्या रोजनिशीत तांड्यातील व्यापाऱ्यांची देणी नोंदलेली होती, म्हणून त्या लोकांनी ती फाडून टाकली.

पेकिंगला पोहोचला तो त्यांचा सोबती, इसाक नावाचा आर्मेनियन. रिच्ची यांनी त्याला घरी ठेवून घेतले. फाटक्या रोजनिशीचे तुकडे समोर मांडून, इसाकला विचारीत, आठवू देत, त्यांनी तो सारा प्रवास पुन्हा लिहून काढला. आलेल्या पाहुण्याच्या तोंडून न आलेल्या पाहुण्याची हकीकत ऐकणारा तो यजमान आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मग त्यांनी इसाकला मकावमार्गे हिंदुस्थानकडे रवाना केले. वाटेत सिंगापूरच्या सामुद्रधुनीत डचांनी त्याचे जहाज पकडले. मलाक्क्याच्या पोर्तुगीजांनी त्याला सोडविले. पुढे त्याला आपली पत्नी वारल्याचे कळले. मग मोगलांच्या मुलखात परत जाण्याचे त्याला कारण उरले नाही. तो आपल्याच किनाऱ्यावर चौलला राहिला, आजच्या रेवदंड्याच्या कोटात जे पोर्तुगीजांचे गाव होते तेथे. ही हकीकत लिहिली गेली त्या वेळी तो तेथे हयात होता.