दर्या आणि दऱ्या

नवागाम-डिंडोली परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. घरच्या जुन्या संगणकावर डेबियन लिनक्स बसविताना भाषांच्या यादीत गुजरातीप्रमाणेच ‘मराठी’ही दिसली आणि मन हरखले.

पुढचे दोन दिवस मात्र कसोटीचे गेले. चित्रमय खिडक्या सुरू होण्यापूर्वीच्या काळ्या पटलावर देवनागरी नीट उमटतच नाही. तेथे फार तर 512 चिन्हे मावतात आणि जोडाक्षरे जुळविण्याची सोय नाही. त्यामुळे मराठी संदेशांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. अडले कुठे, हेच वाचता येत नसेल तर नवशिक्याने करावे काय? तेवढ्यापुरता इंग्रजीचा आश्रय घ्यावा लागला, हे मला अजूनही खटकते.

खरी परीक्षा कळफलकाची. साधा ‘र’ जोडला, की डोंगरातल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे थेट समुद्रच! हिंदीला या भेदाची गरज नाही, म्हणून हिंदीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका याविषयी मौन पाळतात. वास्तविक युनिकोडात ‘ऱ’ला 0931 हे स्वतंत्र स्थान आहे. (‘ॲ’ला मात्र 2008 पर्यंत तिष्ठावे लागले.) इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास ‘ऱ’ मिळतो, त्यापुढे ‘डी’वरचे हलन्तचिन्ह व मग ‘य’. ‘ळ’ शिफ्टसह ‘एन’वर आहे.

या दोन कळांवर मी लाल ठिपके चिकटविले. घरातली मुले आता ‘बाळ’ आणि ‘वाऱ्यावर’ कोणाला न विचारता लिहितात.