प्लस-मायनस
नवा ॲम्प्लिफायर आधीच्यापेक्षा दुप्पट ताकदीचा, तरी गाडीतला बेस मलूल. गेन पाहिला, लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवला, अर्थिंगच्या वायरखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला. काही फरक नाही. मग १.५ व्होल्टचा सेल दोन्ही वूफरच्या तारांना टेकवला. एकाचा पडदा टुणकन बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. एकाचं प्लस-मायनस उलटं लागलेलं. दोघंही जीव तोडून हवा ढकलत होते, पण एकमेकांविरुद्ध. बेरीज जवळपास शून्य. ताकद कमी नव्हतीच. घरात सगळे राबत असूनही काहीच पुढे सरकत नव्हतं, ते दिवस आठवले. तेव्हा कुणाच्या तारा बदलायला हव्या होत्या, हे अजून उमगलेलं नाही. इथे एकाच्या बदलल्या आणि सीट थरथरली. आता डिकीचं झाकण खडखडतंय. ते रविवारी बघू.