तीन रवे आणि चार किलो

आमच्याकडं कागल तालुक्यात वजन करायचं ते गुळाचं. गुऱ्हाळाच्या दारात काटा टांगलेला असायचा. तीस किलोचा एक रवा भरला की पुढचा. माणसाला काट्यावर चढवायची पद्धत नव्हती. माझी थोरली आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, तेवढी एकदा पोरांच्या हट्टापायी चढली. समोर तीन रवे ठेवले तरी तिचं पारडं जमिनीवरच. ती एवढी हसली की साखळ्या वाजायला लागल्या. "व्हय रं, गुळापरास मीच गोड," म्हणाली.

तिला पोटचं मूल नव्हतं. माझी धाकटी काकू बाळंतपणात गेली आणि तेराव्याला तिचं तान्हं पोर थोरल्या आईच्या ओटीत घातलं. कागद नाही, कोर्ट नाही. भाऊबंद बसले, ताटात नारळ ठेवला, झालं. बाईला झेपंल का, असं कुणी विचारलं नाही. उलट भरल्या अंगाची बाई, घरात दोन म्हशी, पोराला काय कमी, असंच सगळे म्हणाले.

तसं आमच्या तालुक्याला दत्तक नवीन नाही. शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटग्यांचे. १७ मार्च १८८४ ला आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. या सगळ्यांत पारख व्हायची ती मुलाची. पोरगं कुळाचं आहे का, धीट आहे का, विचारलेल्याला उत्तर देतं का. घेणाऱ्या आईची तब्येत काढायची कुणाची छाती होती? १९५६ चा हिंदू दत्तक कायदासुद्धा घेणाऱ्याकडून मागतो ते एवढंच, की माणूस सज्ञान असावा आणि त्याचं डोकं ठिकाणावर असावं. काही अटी लग्नाच्या, काही वयातल्या अंतराच्या. तब्येतीचा कागद त्यात नाही.

आता पारख उलटी झालीय, आणि ती झाली ते बरंच झालं असं माझं मत आहे. वंशाला दिवा पाहिजे म्हणून मूल आणायचं, या विचारानं किती पोरांची परवड झाली ते गावात राहिलेल्याला सांगायला नको. आता कायदा विचारतो की या मुलाला घर कोणतं मिळणार. फक्त विचारायचं काय आणि मोजायचं काय, इथं घोळ आहे. तो मला दादरला कळला.

थोरल्या आईनं वाढवलेल्या त्या पोराची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, शिवाजी पार्कच्या बाजूला राहते. सासऱ्यांच्या वेळची पागडीची दोन खोल्यांची जागा आहे. मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो आणि महिनाभर तिथंच राहिलो. पुतणी पाच फूट दोन इंच उंच, वजन ९४ किलो. गावात म्हणतात, आजीवर गेलीय. रक्ताचा तसा संबंध नाही, पण म्हणतात. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, थायरॉईडची गोळी कायमची मागं लागली. शेवटी दोघांनी ठरवलं, दत्तक घ्यायचं. नात्यातलं नको, सरकारी रीतीनं.

सरकारी रीत म्हणजे दिल्लीच्या कारा या संस्थेच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं. नोंदवलं की तीस दिवसांत कागद चढवायचे. पॅन, उत्पन्नाचा दाखला, लग्नाचा दाखला आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट, की या दोघांना जुनाट, संसर्गजन्य किंवा जिवावरचा आजार नाही आणि ते दत्तक घ्यायला योग्य आहेत. मुदत थोडी, म्हणून कागद आधी गोळा करून मग नाव नोंदवायचं असं जावयानं ठरवलं. तो बँकेतला माणूस, फाइल लावून बसला.

डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं, कागदावर भागाकार केला आणि म्हणाला, "बीएमआय अडतीसच्या आसपास आहे. सहा महिन्यांत पंधरा किलो उतरवा, मग सही करतो." शुगर बघितली नाही, प्रेशर बघितलं नाही.

सहा महिने म्हणजे काय ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. २०२२ च्या नियमावलीत तसं लिहिलंय. ही ४१ ची, तो ४३ चा, बेरीज ८४. श्रावणात हिचा वाढदिवस, दिवाळीत त्याचा. वजन उतरेपर्यंत बेरीज ८६ होणार. मग दोन ते चार वर्षांचं मूल, त्याला ९० पर्यंत चालतं. "तेबी आपलंच की गं," मी म्हणालो. ती म्हणाली, "हो तात्या, ते आपलंच. पण तान्हं एकदा तरी हातात घ्यावं वाटतं हो."

मग रोज पहाटे आम्ही पार्कात. एक फेरी म्हणजे सव्वा किलोमीटरला थोडी कमी. ती फेऱ्या मारायची, मी एका डोळ्याला काळा चष्मा लावून कट्ट्यावर. पावसानं चिखल झालेला, तरी मैदानात क्रिकेटची पोरं उतरलेली. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर एवढ्याएवढ्या मुली उलट्या लटकलेल्या, आणि बाहेर त्यांच्या आया डबे घेऊन उभ्या. त्या आयांकडं मी बघत बसायचो. काही जाड, काही काटक्या. पोरगी खाली उतरली की तिला कुणाच्या पोटाचा घेर किती याच्याशी काही घेणं नव्हतं, डब्यात काय आहे याच्याशी होतं.

कट्ट्यावर एक निवृत्त गृहस्थ रोज भेटायचे, पेपर पूर्ण वाचणारे. ते म्हणाले, "अहो, चीननं तर २००७ साली परदेशी लोकांसाठी नियमच केला होता. बीएमआय चाळीसच्या आत असेल तरच आमचं मूल." इंग्लंडातली लीड्सची गोष्टही त्यांनीच सांगितली. २००९ साली तिथल्या कौन्सिलनं एका जोडप्याला थांबवलं, कारण नवरा दीडशे किलोच्या वर. कौन्सिलचं म्हणणं, हा माणूस मूल मोठं होईपर्यंत जगेल याची खात्री काय? ज्या पोराचं एकदा सगळं गेलंय, त्याचं परत जायला नको.

मला त्याचा रागच आला होता. पण रात्री पडल्या पडल्या थोरली आई आठवली. ती अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली. भाकरी थापता थापता चुलीपुढंच कलंडली. काळजाचा झटका. पोरगा एकोणीस वर्षांचा होता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. चितेला अग्नी देऊन आला आणि तीन दिवस गोठ्यात बसून राहिला. दुसऱ्यांदा आई गेली त्याची. लीड्सच्या लोकांना हेच टाळायचं होतं, हे मी नाकारत नाही.

पण त्याच पोराला दुसऱ्या दिवशी मी विचारलं असतं, की तुला ओटीत घेणारी बाई काट्यावर नापास करायला हवी होती का, तर त्यानं मला उसाच्या कांडक्यानं बडवलं असतं. त्याची सख्खी आई तर सडपातळच होती. ती गेली चोवीसाव्या वर्षी. दवाखाना अकरा मैल लांब होता म्हणून.

म्हणून मला वाटतं, डॉक्टरनं वजन बघावं, जरूर बघावं. वजन बघून शुगर, प्रेशर, काळीज तपासावं. काही निघालं तर नाव घेऊन लिहावं, हा आजार, एवढा, औषधानं ताब्यात आहे किंवा नाही. नुसत्या आकड्यावर अडवू नये. आपल्या नियमावलीत तरी जीवघेण्या आजाराची बंदी आहे, किलोची नाही. शारीरिक, मानसिक, भावनिक आणि आर्थिक दृष्ट्या सक्षम असावं, असे शब्द आहेत. सक्षम हा मोठा शब्द आहे. त्याच्या जागी भागाकार ठेवला की डॉक्टरचे कष्ट वाचतात, एवढंच. आणि बीएमआयचा तो भागाकार बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकात काढला, माणसांच्या घोळक्याची सरासरी बघायला. एका बाईचं आईपण ठरवायला नव्हे.

चौथ्या आठवड्यात जावई तिला दुसऱ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. वयस्कर बाई होत्या. त्यांनी रक्त तपासलं, कार्डिओग्राम काढला, इको करायला लावली, थायरॉईडचा रिपोर्ट चष्मा वर करून दोनदा वाचला. प्रेशर थोडं चढं निघालं, गोळी सुरू केली. मग सही केली. म्हणाल्या, "चालणं सोडू नकोस. सही झाली म्हणून नव्हे, मूल आल्यावर त्याच्यामागं पळायचंय म्हणून." तोवर तिचं वजन तीन किलो उतरलं होतं. श्रावणाला नऊ दिवस बाकी असताना नाव नोंदवलं.

घर बघायला समाजसेविका आल्या तेव्हा मी गावी परतलो होतो. पुतणीनं फोनवर सगळं सांगितलं. पाण्याची टाकी कुठं, खिडकीला जाळी आहे का, दोघं कामावर गेल्यावर कोण बघणार, सासूबाईंना हे पसंत आहे का, मूल मोठं झाल्यावर त्याला दत्तकाचं सांगणार का, आणि कसं. तास-दीड तास बसल्या. "वजनाचं विचारलं का गं?" मी म्हणालो.

"विचारलं की. म्हणाल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, मूल कडेवर घेऊन चढाल का? मी म्हटलं, पाण्याची कळशी घेऊन चढते रोज, टाकी बंद असली की."

यादी लांब आहे. लहान, निरोगी मुलासाठी तीन वर्षांच्या वर थांबावं लागतं, एवढी नावं आणि एवढी थोडी मुलं. ती पोर्टलवर आपला नंबर बघते आणि मला कळवते, पावसाचं माप कळवावं तसं. काल चारशेनं पुढं सरकला म्हणाली.