एका अक्षराचा करंट

मी कोड लिहून पगार घेतो. एक अक्षर चुकलं की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण आमच्या तलासरीत ज्या अक्षराची चर्चा होते, ते कुठल्याही स्क्रीनवर दिसत नाही. ते आमच्या रक्तात आहे.

आपल्या अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची अर्धी कृती लिहिलेली असते. तिच्यात एका जागी 'जीएजी' अशी तीन अक्षरं हवीत. काहींच्यात तिथे 'जीटीजी' असतं. 'ए'च्या जागी 'टी', बस. एवढ्यानं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हा सिकलसेल. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हे नाव आता आशाताईंमुळे ओळखीचं झालंय. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून 'टी' आला तर माणूस रुग्ण. एकाकडूनच आला तर वाहक.

मी वाहक आहे. माझी चुलत बहीण डहाणू तालुक्यात दिलीय, तीही वाहक. तिचा नवराही वाहक, हे लग्नानंतर कळलं. अशा जोडप्याचं प्रत्येक बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला मुलगी झाली.

आता तपासणीचं बघा. गावातल्या शिबिरात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, गढूळ झालं तर सिकल आहे. स्वस्त आणि झटपट. पण रुग्ण की वाहक, हे ती सांगत नाही. आणि नवजात बाळाला तर तिचा उपयोगच नाही, कारण पहिले काही महिने बाळाच्या रक्तात बहुतेक गर्भावस्थेतलंच हिमोग्लोबिन असतं. द्रावण स्वच्छ राहतं आणि आईबाप खूश होतात. त्रास साधारण पाच-सहा महिन्यांनी सुरू होतो. खरं तर पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस त्याआधीच सुरू व्हायला हवी.

पुढची चाचणी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेवरची शर्यत. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलच्या हिमोग्लोबिनवर ऋणभार कमी असतो, त्यामुळे विद्युतक्षेत्रात ते वेगळ्या गतीनं सरकतं. एका आजाराचं मूळ एका रेणूत सापडलं ते असं. आजही वाहक आणि रुग्ण यांच्यातला फरक याच तत्त्वावर ओळखता येतो.

मग हीच युक्ती थेट डीएनएवर का नाही करायची? कारण डीएनएचा ऋणभार त्याच्या कण्यावरच्या फॉस्फेटमध्ये असतो. वर 'ए' असो की 'टी', भार तेवढाच. अक्षर वाचायला दुसरी वाट लागते.

ती वाट अशी. सोन्याच्या बारीक इलेक्ट्रोडवर आपल्याला हव्या त्या अक्षरांचा डीएनएचा एकेरी धागा गंधकाच्या बंधानं चिकटवायचा. समोरून जुळणारा धागा आला की दोघांची जोडी होते. मिथिलिन ब्लूसारखं रंगद्रव्य त्या जोडीला चिकटतं, आणि सोन्यातले इलेक्ट्रॉन थप्पीसारख्या रचलेल्या अक्षरांमधून त्याच्यापर्यंत पोचतात. थप्पीत एक जरी अक्षर जुळलं नाही तरी करंट पडतो. जॅकलिन बार्टन यांच्या गटानं हे १९९०च्या दशकापासून तपासून दाखवलं. डीएनए ही तार आहे की नाही यावर बरीच वर्षं वाद झाला. कुणाला तो वाहक दिसला, कुणाला अर्धवाहक, कुणाला चक्क अवाहक. तार म्हणून भरवशाचा नसेल, पण चुकलेलं अक्षर दाखवायला तो चांगला.

इंजिनिअर म्हणून मला यातलं सगळ्यात आवडतं ते उत्तरांचं कोष्टक. दोन इलेक्ट्रोड ठेवा, एक 'ए'साठी, एक 'टी'साठी. फक्त पहिला जुळला तर निरोगी, फक्त दुसरा तर रुग्ण, दोन्ही तर वाहक. बाळ एका दिवसाचं असलं तरी उत्तर बदलत नाही, कारण अक्षर जन्माआधीच लिहिलेलं असतं.

अडचणी आहेत. आजार तांबड्या पेशींचा, पण त्यांच्यात केंद्रकच नसतं, म्हणून डीएनए पांढऱ्या पेशींतून काढावा लागतो. मग त्याच्या लाखो प्रती करायच्या, त्यासाठी ठरावीक तापमान राखायचं, तेही जिथे लाइट कधी जाईल सांगता येत नाही अशा उपकेंद्रात. सेन्सर लहान होतो. त्याच्या आधीची तयारी लहान करणं हे खरं काम आहे.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगत होतो. ती म्हणाली, "दादा, तुझं मशीन येईल तेव्हा येईल. मला सांग, आम्ही भट्टीवर जायचं की थांबायचं?"

बाळाच्या टाचेतून घेतलेला थेंब शहरातल्या प्रयोगशाळेत गेला होता. इकडे भातकापणी झाली होती, वीटभट्टीच्या शेठची उचल घेऊन झाली होती, पाड्यावरची निम्मी घरं बंद झाली होती. ते निघून गेले असते तर रिपोर्ट कुलपाला भेटला असता. भट्टीवर ऊन, धूळ, कमी पाणी. सिकलच्या मुलाला वेदनेचा झटका यायला एवढं पुरतं. ते थांबले. तेवीस दिवस दोघांची मजुरी बुडाली.

१ जुलै २०२३ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. २०४७पर्यंत आजार संपवायचा आणि सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. मोठा आकडा आहे, आणि मला तो पूर्ण व्हायला हवाय. पण बायोसेन्सरवरचे पेपर वाचताना 'किती मिनिटांत निकाल' हा रकाना आला की मी मनात दुसरं एकक लावतो. आई बाळाला घेऊन उपकेंद्रातून बाहेर पडण्याआधी निकाल मिळाला का? मिळाला तर एका कुटुंबाची तेवीस दिवसांची मजुरी वाचते. किंवा एका मुलाचा जीव.

भाचीचा रिपोर्ट आला: वाहक. तिसऱ्या दिवशी ते भट्टीवर गेले. जाताना बहिणीनं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या आत ठेवलं. ही मुलगी मोठी होईल, तिचं लग्न ठरेल, तेव्हा मुलाकडच्यांना त्यांचं कार्ड मागायचं, असं तिनं आत्ताच ठरवून टाकलंय.