शेजाऱ्यांचे ऋण

लातूरच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना लँथेनाइड मूलद्रव्ये मी परीक्षेपुरती पाठ केली होती. आवर्तसारणीच्या तळाशी वेगळ्या ओळीत मांडलेल्या या नावांशी आपला कधी संबंध येईल, असे वाटलेच नव्हते. पुढे नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आलो. तिथे सरांनी युरोपियमचे एक संयुग अतिनील दिव्याखाली धरले. पांढरी भुकटी लालबुंद दिसू लागली, टर्बियमची हिरवी. सर म्हणाले, "हा उजेड एकट्या युरोपियमचा नाही. त्याच्या शेजारी कोण बसलंय ते शोध." मला दिशा मिळाली ती या वाक्याने.

युरोपियमचे ४एफ इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आड असतात. स्वतःहून ते फार थोडा प्रकाश शोषतात. भोवतीचा सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगंड, अतिनील प्रकाश शोषून ती ऊर्जा त्यांच्याकडे सोपवतो. शास्त्रज्ञ वाइसमन यांनी हे १९४२ मध्येच दाखवले होते. मला ते नांदेडला येईपर्यंत ठाऊक नव्हते.

मग ओमर याघी आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा शोधनिबंध हाती आला. ज्या टेरेफ्थॅलिक आम्लापासून पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक बनते, त्याच आम्लाने टर्बियमला जोडून विणलेले ते जाळे होते. प्रत्येक टर्बियमभोवती आठ ऑक्सिजन: सहा आम्लाचे, दोन पाण्याचे. याघींना २०२५ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला, तेव्हा मला आठवला तो हा निबंध. धातूला चिकटलेल्या पाण्यातील ओ–एच बंधांची कंपने ऊर्जा खातात आणि चमक मंदावते, हे तो निबंध हाती आला तेव्हा कळले. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या लातूरचा मी. पाणी कुठे नकोसेही असू शकते, हे पचायला वेळ लागला. पण अशाच जाळ्यांचे आमचे स्फटिक प्रयोगशाळेत वाढायचे तेही पाण्यातच. एखादी गोष्ट चांगली की वाईट हे ती कुठे, कशी जोडली आहे यावर ठरते, हे मला या जाळ्यांनी शिकवले.

स्फटिकाचे सौंदर्य सममितीत असते, असेही मी मानत होतो. युरोपियमच्या वर्णपटाने तो समज बदलला. आयनाभोवतीच्या रचनेला सममितीचे केंद्र असेल, तर ५९२ नॅनोमीटरजवळची नारिंगी रेषा ठळक येते. ते केंद्र नसेल, तर ६१५ जवळची लाल रेषा वरचढ ठरते. सरांनी दाखवलेला तो लाल रंग असमान शेजारातून आलेला होता.

आज मी शिकवतो. खेड्यातून आलेला विद्यार्थी वर्गात गप्प राहिला, तर त्याच्या गुणांआधी त्याच्या भोवतालाची चौकशी करतो: राहतो कुठे, पुस्तके कुणाकडून घेतो, शंका कुणाला विचारतो. ही सवय माझी नव्हे, सरांची आणि या स्फटिकांची. एखाद्या विद्यार्थ्याचा वर्णपट माझ्या जुन्या वर्णपटाहून स्वच्छ आला की मी सरांना फोन करून सांगतो. त्यांचे ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला अजून सापडलेला नाही.