अंगठ्याचा डोंगर आणि गोल्ड स्पॉटची बाटली

मनमाड हे उतरण्याचे कमी आणि गाडी बदलण्याचे जास्त गाव. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठा लोहमार्ग येथून पुढे जातो. दौंडकडे, तसेच छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या येथेच वळतात. गाडी मनमाड सोडून अनकाईच्या दिशेने निघाली की डब्यातली मुले खिडकीला चिकटतात. उघड्याबोडक्या डोंगररांगेत एक सुळका एकटाच आभाळाकडे उभा दिसतो, मूठ मिटून अंगठा वर केल्यासारखा. मग डब्यात कोणीतरी हमखास ओरडते, "तो बघा, थम्स अपचा डोंगर!"

माझे माहेर मनमाडचे. अब्बा रेल्वेत होते. लग्नानंतर मी मालेगावला आले आणि तेथेच उर्दू शाळेत शिकवू लागले. मालेगाव ते मनमाड बसने तासा-सव्वा तासाचा रस्ता. पुढे येवल्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले तर हा सुळका रस्त्यावरूनही दिसतो. माझ्या वर्गातल्या मुलांना तो ठाऊक आहे, पण एकाच नावाने. त्याचे खरे, जुने नाव हडबीची शेंडी. अनकाई-टनकाईच्या परिसरातले लोक आणि दोर लावून सुळके चढणारे गिर्यारोहक अजून हेच नाव घेतात. बाकी सगळ्यांसाठी तो बाटलीवरचा अंगठा झाला आहे.

हे नवे नाव काही फार जुने नाही. 1977 मध्ये केंद्रात जनता पक्षाचे सरकार आले. परकीय कंपन्यांनी आपला हिस्सा कमी करावा या कायद्याचा आग्रह सरकारने धरला, आणि कोका-कोलाने हिस्सा कमी करण्याऐवजी व आपल्या पेयाचे गुपित सांगण्याऐवजी देश सोडणे पसंत केले. रिकाम्या झालेल्या जागेवर तीन देशी नावे पुढे आली. सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने 'डबल सेव्हन' काढले. सत्त्याहत्तर साल म्हणून हे नाव. प्युअर ड्रिंक्सने 'कॅम्पा कोला' आणला. मुंबईच्या पार्लेने 'थम्स अप' आणले. सरकारचे डबल सेव्हन थोड्याच वर्षांत विरून गेले. थम्स अपचा लाल अंगठा मात्र गावोगावच्या टपऱ्यांवर चढला. मोठी बाटली निघाली तेव्हा लहान गावांतले लोक 'महाकोला' म्हणूनच ती मागत. मूळ नाव एकीकडे आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेले नाव दुसरीकडे!

आमच्या घरात मात्र ठंडा म्हणजे गोल्ड स्पॉट. तोही पार्लेचाच. नारिंगी रंगाचा, जिभेला रंग लावणारा. बुचाच्या आत 'जंगल बुक'मधल्या प्राण्यांची चित्रे निघत, तेव्हा आम्ही मुले टपरीच्या आसपासची माती चाळत बुचे गोळा करायचो. बुचे आमची, बाटल्या दुसऱ्यांनी प्यायलेल्या. कारण घरात ठंडा यायचा तो फक्त मेहमान आले तर. साधे मेहमान आले तर चहा. जावई, समधी किंवा रिश्ता घेऊन येणारे असले तरच गोल्ड स्पॉट.

माझ्या थोरल्या आपाला बघायला धुळ्याहून लोक आले होते तो दिवस मला आठवतो. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. भाऊ कापडी पिशवीत सहा बाटल्या घेऊन आला, बाटल्यांची अनामत वेगळी भरून. अम्मीने त्या माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. आपाने ओढणी सावरत ट्रे नेला. मेहमानांनी अर्ध्या-अर्ध्या बाटल्या प्यायल्या, मकान रेल्वेचे की स्वतःचे ते विचारले, आणि दुआ-सलाम करून निघून गेले. अम्मीने उरलेले सगळे एका तांब्यात ओतले आणि आम्हा तिघा भावंडांना स्टीलच्या पेल्यांतून वाटून दिले. आपाने घेतले नाही. आठ दिवसांनी निरोप आला, नकार होता. भाऊ रिकाम्या बाटल्या परत करून अनामत घेऊन आला तेव्हा अम्मी एवढेच म्हणाली, "चलो, शीशे के पैसे तो वापस आए."

म्हणून जुन्या दिवसांच्या गप्पा रंगल्या, 'काय ती चव होती!' असे कोणी म्हणाले की मी आपाकडे पाहते. त्या चवीची आठवण तिला गोड लागत नाही. आम्हा धाकट्यांना ती गोड लागते, कारण आमच्या वाट्याला फक्त पेला आला होता, ट्रे नव्हे. एकाच घरातल्या एकाच बाटलीच्या या दोन आठवणी आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

1993 मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने पार्लेची ही पेये विकत घेतली. थम्स अप टिकला, गोल्ड स्पॉट हळूहळू दुकानांतून नाहीसा झाला. त्याच्या जागी फँटा आला. पण आमच्या घरात तो गेलेला नाही. आजही कापड दुकानात गेल्यावर अम्मी म्हणते, "वो गोल्ड स्पॉट रंग का दिखाओ." तरुण विक्रेता गोंधळतो, म्हातारा मालक गल्ल्यावरून हसतो आणि बरोबर थान काढून देतो.

वस्तू गेली आणि नाव उरले, याचे सर्वात मोठे उदाहरण अब्बांच्या रेडिओत होते. बिनाका ही दात घासण्याची पेस्ट. ती आज कोणाच्या मोरीत नाही. पण 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या बिनाका गीतमालेचे नाव घेतले की साठीच्या पुढच्या माणसाचा चेहरा उजळतो. आकाशवाणीवर तेव्हा फिल्मी गाण्यांना जवळजवळ दार बंद होते, म्हणून लोक बुधवारी रात्री सिलोनकडे काटा फिरवत. पुढे हा कार्यक्रम विविध भारतीवर आला. ते नाव पेस्टने जगवले नाही, अमीन सयानींच्या आवाजाने जगवले. त्यांची हिंदुस्थानी इतकी साधी आणि अदबशीर का होती, याचे उत्तर त्यांच्या घरात सापडते. त्यांच्या वालिदा कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेच्या कामात होत्या. 'रहबर' नावाचे पत्र त्या सोप्या हिंदुस्थानीत, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. नव्याने अक्षरओळख झालेल्या माणसाला समजेल अशी भाषा लिहिण्याची ही तालीम लहानपणीच मिळाली. अमीन सयानी 2024 च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा अब्बांनी रेडिओवरचे कापड काढून तो पुसला. तो कित्येक वर्षे बंदच आहे.

मालेगावने तर दुसऱ्यांची नावे घेऊन स्वतःची दुनियाच उभी केली. यंत्रमागांच्या या शहरात शुक्रवार सुट्टीचा. त्या दिवशी सिनेमागृहे आणि व्हिडिओ पार्लर भरून वाहत. असेच एक व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी गावातल्याच मंडळींना घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. यंत्रमागावर आणि दुकानात राबणारे लोक कलाकार झाले, हसे उसळले. त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला आणि अलीकडे रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा चित्रपटही केला. नाव मुंबईचे, पण त्यात बोली, टोपणनावे आणि चेहरे आपल्या मोहल्ल्याचे. ज्या शहराचे नाव बाहेरचे लोक फक्त दंगल आणि स्फोटाच्या बातमीत ऐकत, ते अशा रीतीने हसण्याशीही जोडले गेले.

हे सगळे पाहिल्यावर मला वाटते, नाव कंपनी ठेवते, पण ते जगवते माणूस. रूह अफजा पाहा. दिल्लीच्या हकीम अब्दुल मजीद यांच्या हमदर्द दवाखान्यातले हे सरबत शंभर वर्षांहून जुने. फाळणीत त्यांचा एक मुलगा दिल्लीत राहिला, दुसरा कराचीला गेला. सरबत दोन्हीकडे बनू लागले आणि पुढे बांगलादेशातही. देश तीन झाले, इफ्तारच्या दस्तरखानावरचे नाव एकच राहिले. उलट कॅम्पाचे नाव 2023 मध्ये एका बड्या उद्योगसमूहाने पुन्हा बाजारात आणले. मी हौसेने बाटली घेतली. मुलांनी चव घेतली, ठीक आहे म्हणाली आणि खेळायला गेली. त्यांचे काही चुकले नाही. नाव विकत घेता येते. त्या नावाभोवती बसलेली माणसे कोठून आणणार?

म्हणूनच मला हडबीच्या शेंडीची काळजी वाटते. थम्स अपला जगवायला जाहिराती आहेत, चित्रपटांतले नट आहेत. शेंडीला फक्त बोलणारी तोंडे आहेत. मागच्या वर्षी मी सातवीच्या मुलांना एक गृहपाठ दिला: घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसाकडून अशी पाच नावे लिहून आणा, जी आता दुकानात किंवा नकाशावर मिळत नाहीत. वह्या भरून आल्या. कोणी गोटी सोडा लिहिला, कोणी बंद पडलेल्या टॉकीजचे नाव, कोणी दादाच्या मागावर विणल्या जाणाऱ्या लुगड्याचे. एका मुलीने खाली एक ओळ जादा लिहिली होती: नानी आज पहिल्यांदा माझ्याशी एवढा वेळ बोलली.

गेल्या उन्हाळ्यात आपाच्या मुलीला बघायला लोक आले. मी विचारले, ठंडा मागवू का? आपा म्हणाली, नको. तिने सकाळीच लिंबे पिळून ठेवली होती, सब्जा भिजवला होता. ट्रे तिने स्वतः नेला, पेले भरले आणि मुलीला हाताला धरून शेजारी बसवले. एक पेला मुलीच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि मेहमानांना म्हणाली, "बिस्मिल्लाह कीजिए." त्या दिवशी सर्वांनी एकत्र प्यायले. कोणालाही अर्धे उरले नाही.